कीडनाशके आणि गोड्या पाण्यातले शेवाळ: चाचण्यांचा हिशेब कुठवर आला?

जायकवाडीच्या नाथसागरातून उपसलेले पाणी छत्रपती संभाजीनगरच्या नळांना जाण्याआधी पैठण रस्त्यावरच्या फारोळ्याच्या केंद्रात शुद्ध होते. फारोळ्याच्या जवळच बिडकीन. कापूस, तूर, मका, ऊस आणि मोसंबी ही या पट्ट्यातली नेहमीची पिके. पेरणी झाली की तणनाशक, मग मावा-तुडतुड्यांवर फवारणी, पुढे गुलाबी बोंडअळीवर, आणि मोसंबीच्या बुंध्याला डिंक्यासाठी बोर्डो पेस्ट. यातला बराचसा भाग मातीत आणि पानांवर राहतो. थोडा भाग जोराच्या पावसात शेताबाहेर पडतो आणि ओढ्याला, शेततळ्याला, शेवटी गोदावरीच्या खोऱ्याला मिळतो.

पाण्यात उतरलेल्या या रसायनांची पहिली गाठ पडते शेवाळाशी. दगडावरचा निसरडा थर, पाण्याला हिरवी झाक देणाऱ्या सुट्या पेशी, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे करंडक (डायटम) हे सगळे शेवाळच. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारा हा थर बारीक कवचधारी जीव खातात, त्यांना मासे खातात. नाथसागराला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांचे आणि मच्छीमारांच्या जाळ्यात येणाऱ्या माशांचे अन्न बव्हंशी याच थरावर उभे आहे. म्हणून काळजी दुहेरी आहे. कीडनाशकाने शेवाळ मेले तर अन्नसाखळीचा पाया खचतो. उपयोगी शेवाळ मागे पडून निळे-हिरवे शेवाळ माजले तर पाण्याला मातकट वास येतो, शुद्धीकरण अवघड होते आणि काही जातींची विषे पाण्यात उतरू शकतात.

कोणते कीडनाशक, किती मात्रेत, कोणत्या शेवाळाची वाढ किती रोखते, हे मोजायच्या पद्धती गेल्या पन्नास वर्षांत बऱ्याच पक्क्या झाल्या. त्या मोजणीचा अर्थ काय लावायचा यावर मात्र आजही एकमत नाही. कीडनाशक हा शब्द इथे किडी, बुरशी आणि तण या तिन्हींवरच्या रसायनांसाठी वापरला आहे.

चाचणी कुठून आली

आज जगभर वापरली जाणारी चाचणी मुळात विषासाठी नव्हतीच. १९६० च्या दशकात अमेरिका आणि युरोपातली तळी डिटर्जंटमधल्या फॉस्फेटने हिरवी पडू लागली. कोणत्या पाण्यात किती शेवाळ वाढू शकेल हे आधीच कळावे, म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये बाटलीतली एक प्रमाण चाचणी ठरवून दिली. तिच्यासाठी निवडलेले शेवाळ नॉर्वेतल्या निटेल्वा नदीतून ओलाव स्कुलबर्ग यांनी १९५९ मध्ये वेगळे केले होते. चंद्रकोरीसारखी वाकडी, एकपेशी, भराभर वाढणारी आणि मोजायला सोपी अशी ही जात. तिचे शास्त्रीय नाव पुढे दोनदा बदलले. जुन्या निबंधांत ती सेलेनास्ट्रम कॅप्रिकॉर्न्युटम म्हणून भेटते, नव्यात रॅफिडोसेलिस सबकॅपिटाटा म्हणून.

मग तीच चाचणी उलट्या बाजूने वापरली जाऊ लागली. पोषण भरपूर द्यायचे, त्यात रसायन घालायचे आणि वाढ किती घटते ते पाहायचे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) १९८१ मध्ये तिला मार्गदर्शिका क्रमांक २०१ म्हणून मान्यता दिली. १९८४ मध्ये ती सुधारली, २००६ मध्ये मोठे फेरबदल झाले आणि २०११ मध्ये काही दुरुस्त्या झाल्या. भारत २०११ पासून या संघटनेच्या 'डेटा परस्परमान्यता' व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे. त्यामुळे इथल्या प्रमाणित प्रयोगशाळेत केलेली चाचणी युरोपात किंवा जपानमध्ये पुन्हा करावी लागत नाही.

७२ तासांत काय होते

चाचणीची रीत सरळ आहे. निर्जंतुक केलेल्या पोषकद्रवात मिलिलिटरला सुमारे दहा हजार पेशी सोडायच्या. कीडनाशकाच्या किमान पाच चढत्या मात्रा घ्यायच्या आणि प्रत्येक मात्रेच्या किमान तीन बाटल्या ठेवायच्या. रसायन न घातलेल्या, म्हणजे नियंत्रणाच्या बाटल्या जास्त. तापमान २१ ते २४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, उजेड अखंड, बाटल्या सतत हलत्या. रोज मोजणी करायची आणि ७२ तासांनी थांबायचे. अमेरिकेत ९६ तासांची पद्धत आहे. रसायन पाण्यात विरघळत नसेल तर ॲसिटोनसारखा द्रावक घेता येतो, पण लिटरला ०.१ मिलिलिटरच्या आसपासच.

चाचणी ग्राह्य ठरण्याच्या अटी कडक आहेत. नियंत्रणातले शेवाळ तीन दिवसांत किमान सोळा पट वाढलेच पाहिजे. त्याच्या बाटल्यांमधली तफावत ठरलेल्या मर्यादेत हवी. पाण्याचा सामू दीडपेक्षा जास्त चढता कामा नये. शेवाळ कर्बवायू शोषते तसा सामू चढतो, आणि सामू बदलला की तांबे किंवा २,४-डी यांसारख्या रसायनांचे पाण्यातले रूपच बदलते.

हिशेबातला सगळ्यात जुना वाद समजायला एक बाटली पुरेशी आहे. समजा सुरुवातीला मिलिलिटरला १०,००० पेशी आहेत. तीन दिवसांनी नियंत्रणात त्या १,६०,००० झाल्या, म्हणजे सोळा पट. कीडनाशकाच्या बाटलीत त्या फक्त ४०,००० पर्यंत पोचल्या, म्हणजे चौपट. सोळा पट होण्यासाठी पेशी चार वेळा दुप्पट व्हाव्या लागतात, चौपट होण्यासाठी दोनदा. वाढीचा वेग बरोबर निम्मा झाला, म्हणून वेगाच्या हिशेबाने परिणाम ५० टक्के. आता उत्पन्न पाहा. नियंत्रणात नव्या पेशी १,५०,००० तयार झाल्या, इथे ३०,०००. उत्पन्नाच्या हिशेबाने परिणाम ८० टक्के. बाटली तीच, मोजणी तीच, आणि दोन अहवालांत दोन आकडे.

डेन्मार्कचे नील्स न्यूहोल्म यांनी १९८५ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. उत्पन्नाचा आकडा चाचणी किती दिवस चालली आणि नियंत्रण किती जोमाने वाढले यावर फिरतो. वेगाचा आकडा तितका फिरत नाही. युरोपातल्या मूल्यमापनात आज वाढीच्या वेगावरचा आकडा, म्हणजे वेग निम्म्यावर आणणारी मात्रा, पायाभूत मानतात. अमेरिकेत उत्पन्नावरचा आकडाही दीर्घकाळ वापरात राहिला. वेगवेगळ्या देशांतले जुने आकडे एकाच तक्त्यात मांडणाऱ्याने कोणता आकडा कोणत्या पद्धतीचा हे आधी पाहिले नाही, तर तक्ता दिशाभूल करतो. एखादे तणनाशक 'धोकादायक' की 'मध्यम' हे या एका फरकाने ठरल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

कोणते औषध कुठे चावते

सगळी कीडनाशके शेवाळाला सारखी घातक नसतात, यावर आता मतभेद उरलेला नाही. शेवाळ वनस्पतीसारखे जगते, त्यामुळे वनस्पतीवर घाव घालणारी रसायने त्याला सगळ्यात जड जातात. प्रकाशसंश्लेषण रोखणारी तणनाशके यात आघाडीवर आहेत. डाययुरॉनने हिरव्या शेवाळाची वाढ लिटरला काही मायक्रोग्रॅम ते काही दशक मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेत निम्म्यावर येते. मक्यावर आणि उसावर वापरल्या जाणाऱ्या ॲट्राझिनसाठी हा पल्ला साधारण दशकांपासून शंभर-दोनशे मायक्रोग्रॅमपर्यंतचा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची गोष्ट वेगळी. ती किडीच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि शेवाळाला मज्जासंस्थाच नाही. त्यामुळे त्यांचा थेट परिणाम बहुतेक वेळा मिलिग्रॅमच्या पातळीवर, म्हणजे कितीतरी पट जास्त मात्रेत दिसतो.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण इथे उपयोगी पडत नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही वर्गवारी तोंडावाटे किंवा त्वचेवाटे गेलेल्या मात्रेने प्रयोगशाळेतले प्राणी मरण्याच्या प्रमाणावरून ठरते. मोनोक्रोटोफॉसचा त्रिकोण लाल आहे. तो योग्यच आहे, कारण ते माणसाला अतिघातक आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून या त्रिकोणाचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागत नाही. पण शेवाळाच्या दृष्टीने क्रम उलटा लागू शकतो. ॲट्राझिन आणि डाययुरॉन यांची सस्तन प्राण्यांतली विषारीता निळ्या त्रिकोणाच्या पट्ट्यात बसते, आणि पाण्यातल्या हिरव्या थराला तीच सगळ्यात जास्त झोंबतात.

ग्लायफोसेटचा निकाल सरळ नाही. शुद्ध रसायनाची शेवाळावरची विषारीता मध्यम आहे. बाजारातल्या काही उत्पादनांत ते पानावर पसरावे म्हणून घातलेला साबणासारखा घटक त्याच्यापेक्षा जास्त घातक ठरला आहे. शिवाय ग्लायफोसेटच्या रेणूत फॉस्फरस आहे, आणि काही निळी-हिरवी शेवाळे तो अन्न म्हणून वापरू शकतात. म्हणजे एकच फवारा एका जातीला मारक आणि दुसरीला पोषक. सक्रिय घटकाची चाचणी पुरेशी की तयार उत्पादनाची वेगळी करावी, हा वाद इथूनच निघतो. युरोपात काही परिस्थितीत उत्पादनाची चाचणी मागितली जाते. कंपन्यांचे म्हणणे असे की उत्पादनातले घटक पाण्यात गेल्यावर वेगवेगळ्या वेगाने विखुरतात, म्हणून बाटलीतले मिश्रण ओढ्यात तसेच राहत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

तांब्याकडे तर बिडकीनच्या शेतकऱ्याने मुद्दाम लक्ष द्यावे असे आहे. बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही बुरशीनाशके म्हणून वापरली जातात. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तर शेवाळ मारण्यासाठीच शेततळ्यात सोडतात. शेततळे हिरवे झाले की ठिबकचा वाळूचा फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबतो, नळ्यांची छिद्रे बुजतात, म्हणून मोरचुदाची पुरचुंडी पाण्यात टांगण्याची रीत आहे. मत्स्यपालनात एक ठोकताळा वापरतात: पाण्याची क्षारता जितकी जास्त तितका मोरचूद जास्त लागतो. लिटरला मिलिग्रॅममधल्या क्षारतेला शंभराने भागायचे आणि तेवढे मिलिग्रॅम मोरचूद घालायचे. चुनखडीच्या पाण्यात तांब्याचा मोठा भाग बांधला जातो, हे त्या ठोकताळ्यामागचे कारण. ओईसीडीच्या पोषकद्रवाचा जडपणा लिटरला जेमतेम २४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा आहे, आणि त्यात धातू बांधणारे ईडीटीएही असते. काळ्या बेसाल्टवरून उतरलेले मराठवाड्याचे पाणी त्याच्या कितीतरी पट जड. नॉर्वेच्या शेवाळावर त्या मऊ द्रवात काढलेला तांब्याचा आकडा आपल्या शेततळ्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तो नेमका कोणत्या दिशेने आणि किती सरकवायचा हे स्थानिक पाण्यावर मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

भारतातली जुनी वाट

शेवाळ आणि कीडनाशके यांचा भारतातला अभ्यास ओईसीडीच्या आधीचा आहे, पण त्याचा प्रश्न वेगळा होता. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भातखाचरातली निळी-हिरवी शेवाळे हवेतला नत्र बांधतात हे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात आर. एन. सिंग आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी या शेवाळांना खत म्हणून शेतात नेण्याचे काम उभे केले. साहजिकच विचारले गेले: शिफारशीची फवारणी झाली तर हे खत जगेल का? १९६० आणि ७० च्या दशकांत नॉस्टॉक, ॲनाबीना यांच्यावर त्या काळची कीटकनाशके आणि तणनाशके तपासली गेली.

या चाचण्यांच्या मात्रा आज अवाढव्य वाटतात. त्यामागचा हिशेब मात्र बरोबर होता. हेक्टरी एक किलो औषध पाच सेंटिमीटर पाण्यात मिसळले, म्हणजे ५०० घनमीटर पाण्यात, तर लिटरला दोन मिलिग्रॅम येतात. खाचरातल्या शेवाळाला खरोखर तेवढ्या मात्रेला तोंड द्यावे लागते. धरणात किंवा ओढ्यात पोचणारी मात्रा तिच्या हजाराव्या हिश्शाची असू शकते. म्हणून भाताच्या परंपरेतल्या 'शेवाळ तग धरते' या निष्कर्षावरून जलाशय सुरक्षित असल्याचे अनुमान काढता येत नाही, आणि जलाशयाच्या आकड्यांवरून खत-शेवाळाला नापासही करता येत नाही. मराठवाड्यात भाताचे क्षेत्र नगण्य, त्यामुळे ही वाट इकडे फारशी आलीच नाही.

या परंपरेने दिलेले एक निरीक्षण मात्र फार मोलाचे आहे. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत रघू आणि मॅकरे यांनी १९६७ मध्ये गॅमा-बीएचसी घातलेल्या पाणथळ मातीत शेवाळ घटण्याऐवजी वाढलेले पाहिले. शेवाळ खाणारे बारीक जीव कीटकनाशकाने मेले, म्हणून चरायला कोणी उरले नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला.

एक जात की सगळे तळे

त्या निरीक्षणाला आता शास्त्रीय वादाच्या मध्यावर जागा आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचे रिक रेल्या आणि निकोल डीक्स यांनी २००८ मध्ये पाण्याच्या टाक्यांत छोटी तळी उभारून मॅलेथिऑनच्या अगदी थोड्या मात्रा दिल्या. मात्रा बेडकाच्या पिल्लांना थेट मारण्याइतकी नव्हती, शेवाळालाही नव्हती. पण पाण्यातले बारीक चरणारे जीव गेले. तरंगते शेवाळ माजले, पाणी गढूळ हिरवे झाले, तळाशी उजेड पोचेना. तळाच्या दगड-काड्यांवरचे शेवाळ खंगले. बेडकाची पिल्ले तेच खातात, त्यामुळे त्यांची वाढ खुंटली. एकट्या शेवाळावरची चाचणी इथे 'परिणाम नाही' असेच सांगत राहिली असती.

यावरून दोन भूमिका तयार झाल्या. पहिली प्रमाण चाचणीच्या बाजूने. एकच जात, एकच द्रव, ठरलेला वेळ असल्याशिवाय दोन कीडनाशकांची तुलनाच होत नाही, आणि नियामकाला हजारो उत्पादने तपासायची असतात. मोठ्या तळ्यांच्या प्रयोगात खर्च आणि वेळ दोन्ही जास्त, शिवाय एका तळ्याचा निकाल दुसऱ्याशी जुळत नाही. त्यावर तोडगा म्हणून चढती पायरी वापरतात. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत पहिल्या पायरीवर वाढ निम्मी करणारी मात्रा घेऊन तिला दहाने भागतात. तणनाशकांसाठी दोन गटांतली शेवाळे आणि पाणवनस्पतीही तपासतात. तिथे अडले तर अधिक जाती, मग कृत्रिम तळी.

दुसरी भूमिका म्हणते की दहाने भागणे हा अंदाज आहे. निसर्गातले शेवाळ समुदायाने जगते. स्वीडनचे हान्स ब्लांक यांनी १९८८ मध्ये सुचवलेली रीत याच विचारातून आली. प्रदूषित पाण्यातला शेवाळ-समुदाय एखाद्या रसायनाला आधीपेक्षा जास्त सोसू लागला असेल, तर नाजूक जाती तिथून निघून गेल्या आहेत, असा तिचा तर्क. करंडकांचे अभ्यासकही असेच सांगतात: कोणत्या जाती उरल्या ते पाहा, पाण्याचा इतिहास कळेल. या रीतीची अडचण अशी की बदल कीडनाशकाने झाला की खताने, गाळाने की उन्हाळ्याने, हे सुटे करणे कठीण जाते.

मला दोन्हींची गरज वाटते, आणि क्रम पहिल्या भूमिकेने सांगितला तसाच ठेवावा. तुलनेचे माप मोडून चालणार नाही. मात्र कीटकनाशकांसाठी शेवाळाचा आकडा चरणाऱ्या जीवांच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचावा, हे १९६७ पासून समोर असूनही पुरेसे पाळले जात नाही.

आकड्यांवर किती अवलंबून राहावे याचे सगळ्यात बोलके उदाहरण ॲट्राझिनचे आहे. ओढ्या-नद्यांतल्या वनस्पती-समुदायासाठी साठ दिवसांची सरासरी किती चालेल, यावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ च्या मूल्यमापनात लिटरला ३.४ मायक्रोग्रॅम हा आकडा काढला. २०२० मध्ये १५ मायक्रोग्रॅम धरले. २०२२ मध्ये पुन्हा ३.४ चा प्रस्ताव आला. तज्ज्ञांच्या समितीने तळ्यांचे काही प्रयोग नव्याने तपासल्यावर २०२४ मध्ये आकडा ९.७ वर आला. पुराव्याचा गाभा बराचसा तोच होता. कोणता प्रयोग विश्वासार्ह धरायचा आणि शेवाळाने पुन्हा उभारी घेणे मान्य करायचे का, यावर निकाल हलला. काही आठवड्यांत शेवाळ पूर्ववत होत असेल तर परिणाम सोडून द्यावा, असे मानणारे शास्त्रज्ञ आहेत. त्या काही आठवड्यांत त्यावर जगणाऱ्यांचे काय, असे विचारणारेही आहेत. युरोपने भूजलातल्या अंशांच्या कारणाने २००४ मध्ये ॲट्राझिनला निरोप दिला, तिथे शेवाळाचा प्रश्न निर्णायक नव्हता. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, पण ती माणसासाठी.

बिडकीनच्या शेताला हे आकडे कसे भिडतात ते एका हिशेबाने दिसते. एक हेक्टर मक्यावर एक किलो ॲट्राझिन (सक्रिय घटक) पडले आणि पेरणीनंतरच्या जोराच्या पावसात त्यातला एक टक्का, म्हणजे १० ग्रॅम, वाहून गेला. अमेरिकेतल्या शेतांच्या मोजणीचा आढावा घेऊन वाउकोप यांनी १९७८ मध्ये बहुतेक औषधांसाठी अर्धा टक्का किंवा कमी असे लिहिले, मात्र फवारणीनंतर लगेच मुसळधार पाऊस आला किंवा औषध पाण्यात मिसळणारी भुकटी असेल तर जास्त. आपल्याकडे विकले जाणारे ५० टक्के ॲट्राझिन भुकटीच असते. हे १० ग्रॅम ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, २,१९६ घनमीटर पाणी मावणाऱ्या भरलेल्या शेततळ्यात उतरले, तर मात्रा लिटरला साडेचार मायक्रोग्रॅम येते. अमेरिकेच्या एका आकड्याच्या वर, दुसऱ्याच्या खाली. प्लास्टिक अंथरून विहिरीच्या पाण्याने भरलेल्या शेततळ्यात असे पाणी येत नाही. वाहत्या पाण्यावर भरणाऱ्यात येऊ शकते.

मिश्रण

शेतात औषध एकेकटे जात नाही. एकाच पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, १९:१९:१९ सारखे विद्राव्य खत आणि स्टिकर कालवले जाते. जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठाच्या गटाने २००१ मध्ये एकाच कुळातली अठरा ट्रायझिन तणनाशके एकत्र करून शेवाळावर तपासली. प्रत्येकाची मात्रा एकटीने जाणवणार नाही इतकी कमी होती. तरी एकत्रित परिणाम स्पष्ट दिसला आणि मात्रांची बेरीज करून तो आधीच वर्तवता आला. एकाच जागी घाव घालणाऱ्या रसायनांसाठी बेरजेचा नियम त्यामुळे बळकट झाला. वेगवेगळ्या जागी काम करणाऱ्या रसायनांसाठी काय धरायचे, हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. खतातले नत्र-स्फुरद सोबत आल्यावर शेवाळ दबते की उफाळते, हे तर प्रमाण बाटलीत दिसतच नाही. त्या बाटलीत पोषण आधीच भरपूर असते.

मराठवाड्यात हाताशी काय आहे

शेवाळाच्या नोंदींच्या बाबतीत हा भाग कोरा नाही. एन. डी. कामत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मराठवाड्यातल्या गोड्या पाण्यातल्या शेवाळांवर अनेक वर्षे काम केले. पी. टी. सरोदे आणि कामत यांचे महाराष्ट्रातल्या करंडकांवरचे पुस्तक १९८४ मध्ये औरंगाबादहूनच निघाले, आणि आजही अभ्यासक ते हाताशी ठेवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत करंडकांवर नवे काम सुरू आहे. नाथसागराच्या पाण्याचे आणि प्लवकांचे अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि आसपासच्या महाविद्यालयांतून होत आले आहेत. कोणती जात कुठे सापडते, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्या जाती इथल्या औषधांना किती सोसतात, हा पुढचा टप्पा आहे.

कायद्याच्या बाजूने वाट अरुंद आहे. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रासमध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने झालेल्या मृत्यूंनंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. उत्पादनाची नोंदणी फरीदाबादहून, साऱ्या देशासाठी एकच. राज्याच्या हाती परवाने, दर्जातपासणी आणि कलम २७ खाली साठ दिवसांची बंदी. यवतमाळनंतर महाराष्ट्राने ती वापरली. केंद्राने २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझिन, डाययुरॉन, २,४-डी आणि पेंडीमेथालिन होती. २०२३ च्या निर्णयात संपूर्ण बंदी फक्त तिघांवर आली: डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल. नोंदणी देशभरासाठी एकच असली की एखाद्या खोऱ्यासाठी काढलेल्या आकड्याला त्या रचनेत सहज जागा सापडत नाही.

तरीही स्थानिक चाचणी कशी असावी, याचा आराखडा अवघड नाही. प्रमाण शेवाळ सोबत ठेवायचेच, म्हणजे निकाल जगाशी जोडता येतो. त्याच्या शेजारी नाथसागरातून वेगळी केलेली एक हिरवी जात, एक करंडक आणि एक निळे-हिरवे शेवाळ. एक संच ओईसीडीच्या द्रवात, दुसरा गाळून घेतलेल्या धरणाच्या पाण्यात. तापमान २३ बरोबर ३० अंशही, कारण इथले पाणी वर्षातला बराच काळ २३ च्या वर असते. सुरुवातीला आणि शेवटी औषधाची मात्रा प्रत्यक्ष मोजलेली, कारण मॅलेथिऑनसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट अल्कधर्मी पाण्यात भराभर तुटतात. तीन दिवसांनी उरलेली मात्रा लेबलवरच्या मात्रेशी जुळेल असे धरता येत नाही.

पाण्यात औषध किती येते, हे मोजण्यात जास्त अडचण आहे. बिडकीनची सुमारे ३२ चौरस किलोमीटर जमीन आता 'ऑरिक' औद्योगिक क्षेत्रात गेली आहे. तिथून येणारे पाणी शेतातल्या पाण्यापेक्षा वेगळे असेल, आणि खालच्या ओढ्यात दोन्ही मिसळतील. शेतातला लोंढा वर्षातून मोजक्या वेळी उतरतो. तणनाशक पडल्यानंतरच्या पहिल्या जोराच्या पावसात तो येतो आणि काही तासांत ओसरतो. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात तो सापडेलच असे नाही. त्यासाठी ओढ्यावर पाण्याची पातळी चढताच आपोआप नमुना घेणारे यंत्र लागते, किंवा पावसात बाटली घेऊन उभा राहणारा माणूस.